म्हस्कूचं नाव पटावर

कुणाचा म्हणून विश्वास बसायचा नाही, पण जुन्नरच्या एका कॉलेजात असा एक विद्यार्थी होऊन गेला, की ज्यानं वर्गात पाऊल न टाकता सगळ्या वर्गाला भांडायला शिकवलं. ज्याला पटेल त्यानं पुढं ऐकावं. ज्याला पटणार नाही त्यानं तर जरूर ऐकावं, कारण धर्माजी करगळ सर सारी हयात भूगोल शिकवत आले ते अशा न पटणाऱ्या माणसाच्या शोधातच. तो माणूस काही केल्या भेटला नाही आणि निवृत्ती मात्र तोंडाशी आली. त्या सकाळी पहिला तास संपवून ते व्हरांड्यात आले, बोटांना लागलेला खडू धोतराला पुसावा तसा पँटीला पुसला, आणि समोर प्राचार्य उभे. प्राचार्यांनी त्यांच्या बाहीला हळूच, जवळजवळ प्रेमानं धरलं. "करगळ सर, तुमच्या त्या म्हस्कूला आज मधल्या सुट्टीनंतर वर्गात हजर करा. मी स्वतः येऊन बसतो. नाही आला, तर तुमचा तो इंटरनेटवरचा बोर्ड आजपासून बंद. आणि त्याचं नाव कमी."

एवढंच बोलून ते गेले. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्याच्या खाली उतरेपर्यंत धर्माजी तिथंच उभे राहिले. बोर्ड बंद, हे त्यांच्या कानापर्यंत आलं आणि तिथूनच परत गेलं. आत शिरले ते पुढचे दोन शब्द. नाव कमी. जिभेवर खडूची चव आली. खडू काही त्यांनी खाल्ला नव्हता; पण चौथीच्या वर्गात, मोठ्या भावाशेजारी बसून, भीतीनं एकदा खाल्ला होता, आणि जीभ अशा गोष्टी विसरत नाही. समोर लांब लेण्याद्रीचा डोंगर उन्हात बसला होता, त्याच्या कड्यातली लेणी काळ्या भोकांसारखी ओळीनं दिसत होती. एरवी ते पोरांना सांगत, की ही सगळी तोंडं आहेत, दोन हजार वर्षं उघडी आहेत, आणि अजून कुणी त्यांना काय म्हणायचंय ते विचारलेलं नाही. पोरं हे वहीत लिहून घेत. हेच तर दुखणं होतं. पोरं काहीही लिहून घेत. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवरून स्वच्छ हवेत मुंबईचे दिवे दिसतात, असं सरांनी सांगितलं, लिहून घेतलं. आमच्या बापाच्या मेंढीनं तहसील कचेरीतला अख्खा नकाशा खाल्ला, म्हणून तालुक्याची हद्द अजून वाकडी आहे, असं सांगितलं, लिहून घेतलं, आणि एकानं तर परीक्षेत उतरवलंही. थाप मारताना धर्माजी दरवेळी क्षणभर थांबत, वर्गावरून नजर फिरवत. एखादी भुवई वर जाईल, एखादा हात हलेल, कुणीतरी म्हणेल, सर, काहीतरीच काय! सगळ्या माना खाली. पेनं चाललेली. सर बोलले म्हणजे संपलं, वडीलधाऱ्याच्या तोंडावर उलटा शब्द टाकायचा नाही, हे पोरं घरून शिकून येत, आणि घर कुठल्याही कॉलेजपेक्षा चांगलं शिकवतं.

बोर्ड आला तेव्हा म्हणून तर त्यांना एवढा उत्साह चढला होता. पुण्याहून एक तरुण बाई येऊन दोन तास समजावून गेल्या होत्या. आपण संगणकावर प्रश्न टाकायचा. मुलांनी आपापल्या सवडीनं, लॅबमधून नाही तर सायबर कॅफेतून, खाली उत्तरं लिहायची, एकमेकांची वाचायची, वाद घालायचा. आंबेगावकडची निम्मी पोरं दुपारच्या एसटीसाठी तास अर्धवट टाकून पळतात, त्यांचीही सोय होईल. तोंड दाखवायचं नाही म्हटल्यावर तोंड उघडेल, असं त्या बाई म्हणाल्या होत्या, आणि धर्माजींना ते वाक्य सबंध महिनाभर पुरलं. पहिला प्रश्न त्यांनी घातला, पोरांनी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून खाली रांग लावली: बरोबर आहे सर. सरांशी सहमत. सर छान माहिती. मग त्यांनी जाणूनबुजून लिहिलं, की आपल्या गावाजवळून वाहणारी कुकडी नदी पश्चिमेला जाते आणि नाणेघाटातून कोकणात उडी मारते. ज्या नदीत ही पोरं म्हशी धुतात, जिच्या काठानं रोज कॉलेजला येतात, ती नदी. रात्रीत उत्तरं आली. धन्यवाद सर. नवीन माहिती मिळाली. तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसणारी हर्षाली, जी वर्षभरात हजेरीला 'हजर' यापलीकडं बोललेली नव्हती, तिनं लिहिलं: बरोबर.

त्या दिवशी ते लॅबमधल्या फिरत्या खुर्चीवर बराच वेळ नुसते फिरत बसले. नदी त्यांनी उलटी फिरवली होती आणि कुणी आडवं आलं नव्हतं. आणि मग कुठून कसा, ओढ्याच्या काठाचा वास आला, ओल्या लोकरीचा आणि लेंड्यांचा, आणि बाप दिसला. बाप जानकू, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. मेंढरांचा कळप ओढ्याशी आला की थांबतो. पाणी घोट्याएवढं का असेना, पहिलं मेंढरू पाय घालत नाही, आणि पहिलं घालत नाही म्हणून मागचं कुठलंच घालत नाही. हाणा, ओरडा, उपयोग नाही. म्हणून धनगर कळपात दोन-चार शेळ्या ठेवतो. शेळीला भीड नसते. ती कुणाकडं न बघता पाण्यात उतरते, पलीकडं जाऊन अंग झाडते, आणि मग सगळा पांढरा-काळा कळप एकमेकांवर पडत तिच्या मागं. बापानं हे कुणाला शिकवलं नाही, तो नुसतं करायचा. धर्माजींनी खुर्ची थांबवली. या कळपात शेळी नाही, एवढंच तर आहे. लॅब सांभाळणारा संपत दाराशी स्टुलावर बसून डुलक्या घेत होता, त्याला त्यांनी हाक मारली, "संपतराव, बोर्डावर एक नवीन पोरगा घ्यायचाय, बाहेरून परीक्षा देणारा. नाव घाला, म्हस्कू."

नाव त्यांनी शोधलं नव्हतं. ते आपोआप आलं, आणि आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ते फार दिवस दाराशीच उभं होतं.

"कंच्या गावचं पोरगं, सर?" संपतनं की-बोर्डावर एक बोट रोखून विचारलं.

"आहुप्याचं."

"आहुपं? आवो तिथं मोबाईलला काडी येत न्हाई. ते पोरगं लिवणार कसं?"

"घोडेगावला येऊन लिहितो. कॅफेत."

"रोज? येष्टी तर एकच हाये."

"चालत येतो, संपतराव."

संपतनं बोट खाली आणलं आणि मान हलवली. "लई कडक पोरगं दिसतंय, राव!" थाप एवढी सरळ पचलेली पाहून धर्माजींना नेहमीसारखं वाईट वाटलं, पण या वेळी थोडं गारही वाटलं. म्हस्कूनं त्याच दिवशी पहिलं वाक्य लिहिलं. सर, कुकडी कोकणात जात नाही. तुम्ही एकदा घराबाहेर पडून नदी बघून या. लिहिलं आणि धर्माजींच्या हाताला घाम फुटला, जणू काही खरंच कुणीतरी त्यांना तोंडावर बोललं होतं. दोन दिवस बोर्डावर चिडीचूप. पोरं वाचत होती हे दिसत होतं, कुणी शब्द टाकत नव्हतं, सगळी काठाशी उभी. धर्माजींनी सर म्हणून खाली लिहिलं, असल्या उद्धट मुलाला वर्गात जागा नाही. आणि खुर्ची सरकवून शेजारच्या संगणकावर जाऊन म्हस्कू म्हणून लिहिलं, वर्गात जागा नसंल तर नसू दे, नदीला तर आहे ना. त्यावर पहिलं मेंढरू उतरलं. एकानं लिहिलं, सर राग मानू नका पण म्हस्कू बरोबर बोलतोय वाटतं. मग दुसरं, मग एकदम सगळी. लोडशेडिंगमुळं लॅबमध्ये दिवसातून मोजके तास वीज असायची, पण त्या पंधरवड्यात वीज नसतानाही बोर्डावर उत्तरं यायची असं संपत अजून शपथेवर सांगतो.

पुढचे महिने धर्माजी दोन खुर्च्यांत राहिले. एका खुर्चीत पाठ दुखायची, चष्मा घसरायचा, वाक्यं 'सबब' आणि 'तथापि'नं चालायची. दुसऱ्या खुर्चीत पाठ दुखत नसे. दुसऱ्या खुर्चीतला माणूस वीस वर्षांचा होता, काही वाचलेलं नव्हतं आणि सगळं पाहिलेलं होतं, आणि पहिल्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याला तो धारेवर धरायचा. पोरांनी त्याला डोक्यावर घेतलं. एका घरून तर शेंगदाण्याचे लाडू आले, आहुप्याच्या एसटीच्या कंडक्टरकडं पोचते केले गेले, आणि कंडक्टरनं दुसऱ्या दिवशी निरोप आणला, "पोरगं लई खूश झालं. आणखी असतील तर द्या म्हन्लंय." हे ऐकून धर्माजी थक्क झाले. स्वतःची थाप दुसऱ्याच्या तोंडून, तुपात घोळून परत आलेली त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. घरी जाताना ते रस्त्यात एकटेच हसले, आणि हसता हसता पुढचं पाऊल जड झालं, कारण लाडू म्हस्कूला आवडायचे. खऱ्या म्हस्कूला.

खरा म्हस्कू त्यांचा सख्खा भाऊ, त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा, पण शाळेत उशिरा घातल्यामुळं दोघं एकाच वर्गात, एकाच फाटक्या तरटावर. गुरुजी पुस्तकातून वाचत होते, की पाऊस सुरू होतो आणि सगळे लोक आनंदित होतात. म्हस्कू बसल्या जागेवरून म्हणाला, "आमी न्हाई व्हत." गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. "आमची मेंढरं मरत्यात पावसात. खुरं सडत्यात. आय रडती." गुरुजी म्हणाले, पुस्तकात लिहिलंय ते. म्हस्कूनं थोडा विचार केला. तो उद्धट नव्हताच, हे धर्माजींना आजही कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटतं, तो फक्त विचार करून बोलत होता. "मंग पुस्तक चुकलंय," तो म्हणाला. धर्माजीनं शेजारी बसून खडूचा तुकडा तोंडात टाकला. छडी संपल्यावर गुरुजींनी पट उघडला आणि म्हणाले, नाव कमी. बाप आला, भांडला नाही, पाया पडला नाही. "बरं झालं, मेंढरामागं एक हात कमीच व्हता," एवढंच म्हणाला, आणि म्हस्कूला घेऊन गेला. गप्प बसलेला शिकला. बोललेला मेंढरांमागं गेला आणि पुढं माणसांशी बोलेनासाच झाला. मेंढरांशी मात्र हळू आवाजात काय काय बोलायचा, ते जवळ गेलं की थांबायचं. एका हिवाळ्यात, कळप कोकणात उतरलेला असताना, तिकडंच तापानं गेला. घोंगडं तेवढं परत आलं. त्यानंतर धर्माजींनी गोष्टी रचायला सुरुवात केली का आधीपासूनच रचत होते, हे त्यांना स्वतःला सांगता येत नाही. मोठ्या आवाजात खोटं बोलावं आणि कुणीतरी उभं राहून खोटं म्हणावं, याची चटक लागली एवढं खरं.

आणि शेवटी भांडण लागलं ते एका झाडावरून. बोर्डावर प्रश्न होता आहुप्याच्या देवराईचा: तिथली फांदी कुणी तोडत नाही, हे अज्ञान की शहाणपण? सरांनी पुस्तकी थाटात लिहिलं, भीतीपोटी लोक तोडत नाहीत. म्हस्कूनं लिहिलं, भीती आम्हाला आहेच, देवाची आहे. पण कॉलेजच्या मागचा करंज गॅदरिंगच्या स्टेजसाठी पाडायचं ठरलंय म्हणतात, ते ज्यांनी ठरवलं त्यांना कशाचीच भीती कशी नाही? हे लिहिताना धर्माजींनी मागं वळून दार बंद आहे ना पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी बोर्डावर जत्रा. कोण सावलीत डबा खातं, कुणी तिथं बसून बारावीचा अभ्यास केला, कुणाच्या म्हशीला करंजाचं तेल लागतं. आणि हर्षालीनं, फक्त 'बरोबर' लिहिणाऱ्या हर्षालीनं, सगळ्यात लांब लिहिलं. झाड पाडायचं तर आम्हाला विचारून पाडा, आम्ही पण कॉलेज आहे. ते वाचून धर्माजी उठले आणि लॅबच्या नळाला तोंड लावून पाणी प्यायले. आठवड्याभरात कुणीतरी ती सगळी उत्तरं छापून प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

आता मधल्या सुट्टीची घंटा होत होती आणि लॅबमध्ये वीज नव्हती. धर्माजी बंद पडद्यासमोर बसले होते, काळ्या काचेत त्यांचंच तोंड दिसत होतं. संपत दाराशी घुटमळला. "सर, यील का हो म्हस्कू? मी त्याला कवा पाह्यलंच न्हाई. लाडवाचं बी इचारायचं व्हतं." रस्ते दोनच होते. एक, प्राचार्यांना सांगायचं की असा कुणी नाही, मीच तो. ते कागद पुढं करतील, आणि त्या कागदावर आपल्याच हातानं आपण लिहायचं, नाव कमी. एकदा ते गुरुजींनी लिहिलं होतं तेव्हा आपण खडू चघळत होतो. आता आपलेच हात. मग त्यांना कळलं की आपल्याला आलाय तो राग आहे, इतक्या वर्षांचा शिळा, तरी अजून चांगला गरम. नाही लिहीत. काय करतील? पेन्शन अडवतील? अडवा. दुसरा रस्ता त्यांना पाठ होता, आयुष्यभर ते त्याच रस्त्यानं चालत आले होते. ते उठले, केसांवरून हात फिरवला. "संपतराव," ते म्हणाले, "म्हस्कू येणार नाही. पण तुम्ही या वर्गात. दाराशी उभे राहा. ऐकण्यासारखं आहे."

वर्ग भरलेला होता, एसटीला पळणारी पोरंसुद्धा आज पळाली नव्हती. प्राचार्य व्यासपीठावर खुर्ची टाकून हाताची घडी घालून बसले होते. "कुठाय विद्यार्थी?" त्यांनी विचारलं.

"त्याचंच सांगतो," धर्माजी म्हणाले, आणि टेबलाच्या कडेला टेकले. आवाज आपोआप खाली उतरला, गोष्टीचा झाला. "काल मी स्वतः गेलो आहुप्याला, त्याला भेटायला. घोडेगाव सोडलं आणि घाटात गाडी थांबली. का थांबली? तर पुढं बिबट्या. आता बिबट्या काही नवा नाही आपल्याला. पण हा हात दाखवून उभा. ड्रायव्हरनं दार उघडलं, हा आला आणि मागच्या सीटवर बसला. कंडक्टर म्हणाला, तिकीट. बिबट्यानं बघितलं त्याच्याकडं. कंडक्टर म्हणाला, बरं, अर्धं देतो." वर्गात हशा फुटला. प्राचार्यांच्या मिशीखालीसुद्धा काहीतरी हललं. धर्माजींनी थांबून माना पाहिल्या. हसत होत्या, पण खोटं म्हणत नव्हत्या. ते पुढं निघाले. आहुप्याचं घर त्यांनी बांधलं, कुडाच्या भिंती उभ्या केल्या, वर कौलं घातली, अंगणात गजराबाई नावाची आजी बसवली, तिच्या हातात भाकरीचं पीठ दिलं. आजीनं सांगितलं, पोरगं मेंढरं घेऊन कोकणात उतरलंय, दिवाळी झाली की उतरतंच, आता उन्हाळ्याशिवाय परत नाही. तोपर्यंत सायबांना म्हणावं नाव ठेवा, पोरगं बोलतंय ते वाईट नाही, विचार करून बोलतंय. हे शेवटचं सांगताना त्यांचा आवाज जरा फाटला. वर्गात कुणी हसलं नाही.

प्राचार्यांनी घडी सोडली. तेही इथलेच, आणि इथं कुणाही अनोळखी माणसाची खूण एकाच जागेवर पटते. घर कुठलंही सांगा, आडनाव काहीही सांगा, माणूस पक्का होतो तो आजोळावर. "बरं," ते अगदी साधेपणानं म्हणाले, "त्याचा मामा कुठला?"

धर्माजींनी म्हस्कूला सगळं दिलं होतं. राग दिला, नदी दिली, देवराई दिली, आजी दिली. मामा द्यायचा राहिला होता. तोंड उघडलं, आणि रचायला वेळ न मिळालेलं जे पहिलं आत होतं तेच बाहेर आलं. "पेठचा."

"पेठंत कुणाकडचा?"

"गेणभाऊंच्या घरचा. रस्त्याच्या कडेचं घर, पुढं औदुंबर." शब्द सुटले तशी त्यांना त्या औदुंबराखालची गार जमीन तळव्यांना लागली, दोन भाऊ, चार अनवाणी पाय, मामी ताकाचा गडू घेऊन येतेय.

खिडकीशी बाक वाजलं. हर्षाली उभी राहिली होती. पेठ गावची हर्षाली. तिच्या ओठांवरचा रंग उडाला होता आणि ओढणीचं टोक मुठीत पिळलेलं होतं. "सर," ती म्हणाली, आणि तिचा आवाज कसा आहे हे वर्गाला त्या दिवशी कळलं, तो बराच जाड होता. "सर, ह्ये खोटं हाय."

हे खरंच झालं की आपण रचलं, धर्माजींना खात्री वाटेना. खात्री करायची एकच रीत त्यांना ठाऊक होती. ते टेबलावरून सरळ उभे राहिले आणि ज्या आवाजानं इतक्या वर्षांत एकही मूल उभं राहू शकलं नव्हतं त्या आवाजात, जिवाच्या करारानं ओरडले, "बस खाली!"

भिंतीचा चुना पडेल असा आवाज होता. पुढच्या बाकावरची बसलेली पोरं आणखी खाली बसली. दाराशी संपतनं भिंत धरली.

हर्षाली बसली नाही.

"न्हाई बसत," ती म्हणाली. मग प्राचार्यांकडं वळली. "आन् बोर्ड बंद करायचं काय कारण न्हाई. त्याच्यावर आमी बी लिवलंय, ते आमचं हाय." मग परत सरांकडं पाहिलं, आणि आता ती रडत होती, पण मान खाली घातली नव्हती. "गेणभाऊंचं घर आमच्या आळीत हाय. त्यांचं भाचं दोनच, म्हस्कू आन् तुमी. आमची आजी साळुबाई अजून नाव काढती. म्हस्कू माझ्या जलमाआदीच गेलाय, सर. लिवताय ते तुमी."